रोहिदासच्या जीपची पृष्ठांतर समिती

चाकणच्या अलीकडच्या एका गावात, जिथं पूर्वी कांदा पिकायचा आणि आता मोटारींचे सुटे भाग पिकतात, रोहिदासची जीप अंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. तिला चाकं नव्हती. बाब गंभीर होती, कारण देवीची यात्रा तोंडावर आली होती, देवी डोंगरावर होती, वाट साध्या गाडीचं पोट फाडेल अशी दगडाळ होती आणि रोहिदासनं साऱ्या भावकीसमोर छाती काढून सांगितलं होतं, की यंदा आईला जीपनं थेट देवळाच्या पायरीपाशी उतरवणार.

आई म्हणजे गोजाबाई. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तिला देवी दिसली नव्हती. नवसाचं हिरवं लुगडं पेटीत पडून होतं. ती रोज एकदा जीपकडे बघायची आणि एकदा डोंगराकडे.

खरं तर जीप चांगली चालत होती. पण चांगलं चाललेल्या गोष्टीत सुधारणा करणं हा आमच्या पट्ट्याचा कुळाचार आहे. रोहिदासचा मेव्हणा ज्ञानेश म्हणाला, "दाजी, डोंगर चढायचा तर मोठ्या गाडीचे अ‍ॅक्सल टाका," आणि भंगार बाजारातून दणकट अ‍ॅक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे दांडे, आले. ते जरा रुंद निघाले. जुनी चाकं लावल्यावर ती दोन्हीकडून इतकी बाहेर आली, की जीप कमरेवर हात ठेवून भांडायला उभी आहे असं वाटायचं. आता नवी चाकं घेणं आलं, आणि तीही योग्य बॅकस्पेसिंगची.

बॅकस्पेसिंग म्हणजे काही ब्रह्मज्ञान नव्हे. चाक जिथं बोल्टांनी आवळतात तिथपासून त्याची आतली कड किती आत जाते, ते अंतर. कमी धरलं तर चाक बाहेर डोकावतं, जास्त धरलं तर आत शिरून स्प्रिंगला घासतं. रिमवर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि टेपनं मोजायचं, चहाला उकळी फुटेपर्यंत काम होतं. रोहिदास टेप घेऊन खाली बसलासुद्धा होता.

"दाजी, थांबा. असं मोजायचं नसतं," ज्ञानेश म्हणाला.

"मंग कसं?"

"सिस्टीमनं."

ज्ञानेश एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर होता. त्याच्या घरी मिठाच्या डब्यावर 'मीठ' अशी चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर मंजुरीची सही. रोहिदासला त्याचा दरारा वाटायचा. रोहिदासच्या घराण्यात जमीन पिढ्यान्‌पिढ्या होती, पण गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आजवर कुणाच्याच पडलं नव्हतं. त्यानं टेप खाली ठेवला.

त्याच संध्याकाळी जीपवाल्या दोस्तांच्या मंडळातून समिती नेमली गेली. सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीतले. बॅकस्पेसिंग हा शब्द बैठकीच्या इतमामाला शोभेना म्हणून 'पृष्ठांतर' हा शब्द मुक्रर झाला आणि 'पृष्ठांतर निश्चिती समिती' अस्तित्वात आली. अध्यक्ष म्हणून कासारवाडीचे अर्जुनराव मिळाले. ते सेफ्टी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांना सोडायला तयार नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा जीपभोवती पिवळे पट्टे मारून घेतले. तुळस पट्ट्यांच्या आत आली, तेव्हापासून गोजाबाई तुळशीला पाणी घालायची ती डोक्यावर हेल्मेट घालून.

दुसऱ्या बैठकीत रोहिदासचा टेप अप्रमाणित ठरला आणि तपासणीसाठी पिंपरीला गेला. प्रमाणित होऊन परत आल्यावर तो कपाटात कुलूपबंद झाला, कारण प्रमाणित टेप वापरला की खराब होतो. मग माप शेजारच्या शिंप्याच्या फितीनं घेतलं. नव्या चाकांना हवं ते पृष्ठांतर साडेचार इंच आलं.

इथं थांबायला हरकत नव्हती. पण अर्जुनरावांनी सुरक्षेसाठी अर्धा इंच वाढवला. उद्या चाक बाहेर राहून कुणाला लागलं तर ठपका नको. ज्ञानेशनं क्वालिटीतर्फे अर्धा इंच वाढवला. खरेदी बघणाऱ्या सभासदानंही अर्धा इंच वाढवला, कारण दोघांनी वाढवल्यावर आपण गप्प बसलो तर आपण बैठकीला होतो हे दिसायचं कसं? सहा इंच एकमतानं मंजूर झाले.

"लई आत जायाचं न्हाई ना?" रोहिदासनं भीतभीत विचारलं.

"दाजी, बाहेर आलेलं सगळ्यांना दिसतं. आत गेलेलं कुणाला दिसत नाही."

हे मात्र रोहिदासला पटलं. तो एकदा ग्रामपंचायतीत निवडून आला होता.

नवी चाकं आली त्याच दिवशी जुनी चाकं गॅस कटरनं कापून टाकण्यात आली. नापास माल चुकून पुन्हा वापरात येऊ नये, असा कंपनीचा दंडक असतो. समितीनं टाळ्या वाजवल्या म्हणून रोहिदासनंही वाजवल्या.

यात्रेच्या आदल्या दिवशी जीपची तपासणी झाली. ज्ञानेशनं कंपनीतली तपासणीची यादी जशीच्या तशी उचलून आणली होती. चाक बसलं, बरोबर. बोल्ट आवळले, बरोबर. गाडी पुढे सरकली, बरोबर. मागे आली, बरोबर. त्याच्या कंपनीत जे काही तयार व्हायचं ते सरकत्या पट्ट्यावरून नाकासमोर पुढं-मागं जायचं. त्यामुळे वळण्याचा रकाना यादीत नव्हता, आणि जे यादीत नाही ते तपासणं नियमबाह्य होतं. जीप शंभर टक्के गुणांनी पास झाली.

यात्रेच्या सकाळी गोजाबाई नवसाचं लुगडं नेसून, मांडीवर खणानारळाचं ताट घेऊन पुढच्या सीटवर बसली. समिती मागे दाटीवाटीनं चढली. रोहिदासनं नारळ फोडला, जीप ऐटीत फाटकाबाहेर पडली आणि त्यानं स्टिअरिंग फिरवलं. चाक बोटभर वळलं, स्प्रिंगला टेकलं आणि तिथंच बसलं. जीप सरळ समोरच्या कांदाचाळीपाशी जाऊन थांबली.

"आता?" रोहिदास म्हणाला. त्याला घाम फुटला होता.

"जुनी चाकं लावू," एक सभासद म्हणाला, आणि मग त्यालाच गॅस कटर आठवला.

अर्जुनरावांनी चाळीच्या सावलीत तातडीची बैठक घेतली. सहा इंचांचं पृष्ठांतर समितीनंच मंजूर केलेलं असल्यामुळे ते चूक असण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. दोष वळणांचा होता. ठराव झाला, की वळण आलं की सर्वांनी उतरावं, जीप मागनं उचलावी आणि हवी तिकडे तोंड करून खाली ठेवावी. या पद्धतीला 'सामूहिक वळण' म्हणावं.

आणि खरंच, जमलं की हो. हेऽऽ म्हणत आठ जणांनी जीप उचलली आणि रस्त्याला लावली. सगळ्यांना असा काही चेव आला की विचारू नका. फाट्यावर उचलली. ओढ्यापाशी उचलली. कंपनीची बस मागं अडकली, तर बसमधले शिफ्टवाले उतरून हात लावायला आले आणि कामाला उशिरा पोचले. ज्ञानेश दर वळणाला घड्याळ लावून बघत होता आणि वेळ कमी होतोय म्हणून खूश होता. डोंगराची वाट सुरू झाली तेव्हा मात्र मंडळींच्या कमरा बोलू लागल्या, कारण डोंगराच्या वाटेला वळणांशिवाय दुसरं काही नसतं.

शेवटच्या वळणावर सगळे जमिनीवर लोळले. देऊळ समोर दिसत होतं. आरतीची घंटा वाजायला लागली होती.

गोजाबाईनं खाली वाकून बघितलं. "आरं, दिसभर येवढी गाडी उचलताय," ती म्हणाली. "त्यापरास मलाच उचललं आसतं, तर कवाच पोचले आसते की."

अर्जुनराव कसेबसे उठून बसले. मग अदबीनं म्हणाले, "मावशी, माणूस उचलणं समितीच्या कक्षेत येत नाही."

रोहिदास पुढं झाला. आईला उचलायला त्यानं तिच्या गुडघ्यांखाली हात घातलासुद्धा. तेवढ्यात ज्ञानेश म्हणाला, "दाजी, तुम्ही कुठं निघालात? तुम्ही वाहनधारक. अजून फोटो व्हायचाय." रोहिदास घुटमळला. तेवढ्यात डोंगर उतरणाऱ्या दोन बायांनी हातात हात गुंफून बैठक केली, गोजाबाईला तीवर बसवलं आणि गप्पा मारत वर नेलं. रोहिदास जीपच्या बोनेटला टेकून हसला. फोटोत तो हसतानाच दिसतो, पण त्याला त्या वेळी जमीन दुभंगली तर बरं असं झालं होतं.

पुढे 'सामूहिक वळण' या उपक्रमाला ज्ञानेशच्या कंपनीत सुधारणा स्पर्धेचं पहिलं बक्षीस मिळालं. मंडळाच्या सर्व सभासदांनी सहा इंच पृष्ठांतराचीच चाकं मागवली. सिद्ध झालेलं माप म्हणून. आता रविवारी सगळ्या जीपा एकदम निघतात आणि पहिल्या फाट्यापर्यंत झोकात जातात. गोजाबाईनं पुढच्या वर्षीसाठी त्या दोन बायांना आत्ताच सांगून ठेवलंय.

तुम्ही हसताय. हसा की, कोण नको म्हणतंय. पण उद्या कामावर गेलात, की तुम्ही आठ जण मिळून रोज जे उचलून वळवता ना, ते एकदा खाली ठेवून त्याचं स्टिअरिंग फिरवून बघा. नाही बघणार. तुमच्याही यादीत तो रकाना नाही.