पास्कूभाऊंचं पोतेरं

इथं आखातात, आमच्या हूऱ्यातल्या बिल्डिंगमध्ये जिन्यावर कुठं थेंबभर पाणी सांडलं, की पास्कूभाऊ पोतेरं घेऊन हजर. एसीचं पाणी ठिबको, कुणाची बादली हिंदकळो, हा माणूस गुडघ्यावर बसून टिपून काढणार. एकदा मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही हॉटेलात कुक. ही झाडूवाल्याची कामं कशाला करता?"

"अक्का, पाणी साचलं की जागा गेली," एवढंच बोलले.

मी याच बिल्डिंगमध्ये डबे करते. नवरा गेला त्या वर्षी इथं आले, लोकांची भांडी घासली, मग स्वतःची शेगडी मांडली. शाळा दुसरीपर्यंत. दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय नाही, पण हे पाण्याचं काही डोक्यातून जाईना. परत विचारलं, तेव्हा कळलं.

पास्कूभाऊ वसईकडचे, बायको वारलेली. गावी खाडीला लागून त्यांच्या वाटणीचं खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची जमीन आहे. बांधाला उघाडी, म्हणजे लाकडी दार. ते उघडं ठेवलं की भरतीचं पाणी आत येतं. व्हिसा संपला की तिथं भराव टाकून दोन खोल्या बांधायच्या, हे पहिल्यापासून ठरलेलं. आणि सरकारनं नकाशात त्या जागेला पाणथळ लिहिलं. सातबाऱ्यावर नाव भाऊंचंच, पण माती टाकायची नाही, वीट लावायची नाही.

"म्हणजे जमीन तुमची आणि मर्जी सरकारची?"

"तसंच. तिथं बेडूक राहील, मी नाही. खलास."

"बेडकाला व्हिसा लागत नाही ना," मी म्हटलं. ते हसले नाहीत. त्यांच्या व्हिसाचे चार महिने उरले होते. मला जमीनच नाही, त्यामुळं नियमही नाही. गरिबीत तेवढा एक आराम.

मग गावाहून त्यांच्या भावाचा, इनासचा फोन आला. सरकारी साहेब पाहणीला येणार. उघाडी आत्तापासून बंद ठेवली तर खाजण उन्हानं कोरडं पडेल. साहेब कोरडं बघतील, नकाशातून नाव सुटेल. तू फक्त हो म्हण.

"इंशाल्ला, शुक्रवारी सांगतो," पास्कूभाऊ म्हणाले.

शुक्रवारी माझ्या दारात. "अक्का, तुबलीच्या खाडीवर येता?"

बसनं गेलो. तिथं खाडीत तिवरं आहेत, आपल्याकडच्यासारखीच. जिन्यावरचा थेंब न सोडणारा हा माणूस बूट काढून, पँट दुमडून थेट चिखलात उतरला. ओणवा होऊन बिळं बघायला लागला.

"काय हरवलंय?"

"निवट्या बघतो, चिखलातले मासे. रोझी हातानं धरायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला चिखलाची किळस. नंतर संध्याकाळ झाली तरी उघाडीवरनं हलायची नाही. हाका मारायला लागायच्या. ती गेली तेव्हा मी इथं. रजा मिळेतो सगळं उरकलं होतं."

मी त्यांचे बूट उचलून कोरड्यावर ठेवले. अशा वेळी बोलायचं नसतं, हे शाळेशिवायही कळतं.

बऱ्याच वेळानं वर आले. पायाचा चिखल तसाच ठेवून भावाला फोन लावला.

"इनास, उघाडी बंद करू नको. हो, कळतंय मला. नाही बांधायचं घर. तुझ्या पडवीत एक खाट टाक."

पलीकडून इनास ओरडत होता, ते मलाही ऐकू येत होतं.

"पाणी येऊ दे आत," म्हणाले आणि फोन ठेवला.

परतताना मी म्हटलं, "पडवीत डास फोडतील तुम्हाला."

"पाणथळ आहे अक्का. चावणारच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबे घेऊन खाली उतरले. जिन्यापाशी एसीच्या पाण्याचं डबकं साचलं होतं आणि दोन चिमण्या त्यात आंघोळ करत होत्या. पास्कूभाऊ पायरीवर बसले होते, पोतेरं मांडीवर, कोरडं.

मला बघून त्यांनी हात वर केला. हळूच म्हणाले, "अक्का, जरा बाजूनं जा."