लेपाक कलेचं पुनरुज्जीवन

बाळांनो, एका जंगलात, इथून फार दूर मलय मुलखात, नदीकाठी एक जुनी झोपडी होती. चार खांब, वर झावळ्या, भिंती नाहीतच. येणारा-जाणारा तिथे टेकायचा आणि चकाट्या पिटायचा. अशा बिनकामाच्या बसण्याला तिकडे 'लेपाक' म्हणतात.

आखूड सोंडेची म्हातारी टॅपिर, लिमाआजी, रोज दुपारी तिथे यायची. नवरा गेल्यापासून घरात तिच्याशी बोलायला कोणी नव्हतं. झोपडीत कोणी ना कोणी भेटायचं.

एकदा वाघोबांच्या मनात आलं, या जागेचं नूतनीकरण करावं, पण रहिवाशांना विचारून. काम धनेश पक्ष्याकडे आलं. तो पिल्लू असतानाच परमुलखात शिकायला गेला होता आणि मोठी चोच अन् त्याहून मोठे शब्द घेऊन परतला होता.

इथे तुम्ही काय करता, असं त्याने सगळ्यांना विचारलं. माकड म्हणालं, लेपाक. कासव म्हणालं, लेपाक. लिमाआजीही तेच म्हणाली आणि सरकून तिने त्याला जागा करून दिली. धनेश बसला नाही. संशोधकाने तटस्थ राहायचं असतं ना!

लेपाक म्हणजे काय, हे मात्र त्याला काही केल्या आठवेना. विचारायचीही लाज वाटली. आपल्याच जंगलाची बोली विसरलो, हे कुठला विद्वान कबूल करील? त्याने तर्क लढवला आणि वाघोबांना सांगितलं, ही लोप पावत चाललेली प्राचीन मलय कला आहे.

वाघोबा त्या झोपडीत कधी टेकलेच नव्हते; ते गहिवरले. झोपडी पाडून तिथे लेपाक कला केंद्र उभं राहिलं. गुरू म्हणून मोर आला. पहिल्याच दिवशी लिमाआजी आत जाऊन नेहमीसारखी बसली. मोराने तिला उठवलं.

"आजी, तुम्हाला लेपाक येत नाही. आधी प्राथमिक वर्ग करा."

आजी उठून घरी गेली. त्यानंतर ती फिरकलीच नाही. धनेशच्या जिवाला रुखरुख लागली. तो तिच्या घरी गेला, तर ती दारात एकटीच बसलेली. त्याला पाहून ती पुन्हा जरा सरकली. या वेळी तो बसला. बराच वेळ दोघं नुसती नदीकडे बघत राहिली.

शेवटी धनेशने खाली मान घालून विचारलं, "आजी, लेपाक म्हणजे काय गं?"

"आत्ता करतोयस ना, तेच."

तात्पर्य: आपण शिकल्यासवरल्यांनी अडलेल्या शब्दाचा अर्थ आधी कधीही विचारू नये. धनेशने विचारला असता, तर जंगलात नुसती झोपडीच राहिली असती. आता कला केंद्र आहे. तिथे कोणी बसत नाही, त्यामुळे ते अजून नव्यासारखं आहे.