आगाऊ साक्ष

शांतवनमामा देवाचे आभार आगाऊ मानतात. म्हणजे काम झाल्यावर नाही, व्हायच्या आधी. आणि मनातल्या मनात नाही, रविवारी उपासनेत, भर मंडळीपुढे, माइकवरून.

आमच्या पनवेलच्या चर्चमध्ये उपदेशाआधी दहा मिनिटं साक्षीसाठी असतात. आठवड्यात प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्यालाही जरा धीर येतो. कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं, कुणाच्या मुलीला नोकरी लागलेली असते. मामांच्या साक्षीत मात्र काहीच झालेलं नसतं. विचुंब्याच्या त्यांच्या बिल्डिंगला पाणी आल्याबद्दल त्यांनी आभार मानले, तेव्हा खाली टँकरवरून भांडणं चालू होती. माझा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आल्याबद्दल मानले, तेव्हा मी रक्त दिलंसुद्धा नव्हतं. पाळकसाहेबांची बदली रद्द झाल्याबद्दल मानले, तेव्हा बदली होणार होती हे पाळकीणबाईंना पहिल्यांदा कळलं. त्या रविवारी उपासनेनंतर त्यांच्याकडचा चहा झाला नाही.

पाणी संध्याकाळी आलं. माझ्या रिपोर्टने मात्र दगा दिला, तेव्हापासून मी साखर सोडली. मी हे मामांना जरा चिडूनच ऐकवलं. ते म्हणाले, "लेट आहे, सेक्रेटरीबाई. कॅन्सल नाही."

ही भाषा एसटीची. पनवेलच्या स्टँडवर मामा वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून तीस वर्षं गाड्या पुकारल्या. माणूस निवृत्त झाला, आवाज झाला नाही. साक्ष सुरू व्हायची ती "मंडळींनी लक्ष द्यावे" अशी, आणि पुढचं प्रत्येक वाक्य नाकातून, दोनदा. चर्चमध्ये नवीन आलेला माणूस नकळत पिशवी उचलायचा.

मी मंडळीची सेक्रेटरी. साक्षीचं घड्याळ माझ्याकडे, माणशी तीन मिनिटं. मामांनी माझ्या घड्याळाला कधी भीक घातली नाही. त्यांना थांबवायच्या त्या एस्तेरमामी. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसून त्या एकदाच खोकायच्या, कोरडं, फार मोठ्याने नाही. मामा वाक्य अर्ध्यात सोडून आमेन म्हणत खाली बसायचे. तो खोकला उधार मिळाला असता तर मी चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या मिटिंगला घेऊन गेले असते.

मग मामींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल किंवा येणारही नाही. पुढच्याच रविवारी मामा माइकपाशी गेले. "मंडळींनी लक्ष द्यावे. एस्तेरबाई बोलू लागलेल्या आहेत. एस्तेरबाई बोलू लागलेल्या आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी भगिनी मंडळ फळं घेऊन भेटायला गेलं आणि खालमानेने परत आलं.

आठ महिने दर रविवारी हीच साक्ष. कधी कधी अकरा मिनिटं, कारण खोकायला कुणी नाही. त्यात त्यांचा मोबाईल. ऐन प्रार्थनेत, सगळे डोळे मिटून बसलेले असताना, मामांच्या सदऱ्याच्या खिशात कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. आम्हाला वाटलं, कसली तरी अचाट रिंगटोन लावून घेतली आहे. बंद करा म्हटलं की म्हणायचे, "असू द्या."

हेही चाललं असतं. पण एक नवीन बाई यायला लागल्या होत्या. त्यांचे यजमान याच दुखण्याने अंथरुणावर. त्यांनी उपासनेनंतर मामांना गाठून विचारलं, "पहिला शब्द कोणता बोलल्या हो?" मामा चपलांकडे बघत राहिले. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. मग पंचांनी ठरवलं, साक्ष घडलेल्याचीच द्यायची. हे मामांना सांगायचं कुणी, तर सेक्रेटरीने. गोड बातम्या द्यायला पाळकसाहेब असतात.

बुधवारी दुपारी मी विचुंब्याला गेले. दार उघडंच होतं. मामी खिडकीपाशी खुर्चीत, मामा समोर स्टुलावर, तोंडाशी माइकसारखी मूठ धरलेली.

"पनवेल, पळस्पे, शिरढोण, कर्नाळा, तारा... आणि?"

मामी त्यांच्याकडे बघत होत्या. ओठ हलले, आवाज आला नाही.

"पेण हिचं माहेर," मामा मला म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, तोंडात बसलेलं काही तरी म्हणायचं आणि शेवट हिच्यावर सोडायचा. सलाम, सेक्रेटरीबाई. बसा."

मी बसले नाही. बसले असते तर सांगता आलं नसतं. जे ठरलं ते उभ्या उभ्या सांगून टाकलं. मामांनी ऐकून घेतलं, मग मला हळूच स्वयंपाकघरात नेलं.

"त्या बाईंना मी फसवलं," ते म्हणाले. "त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आलोय. तुमचं बरोबरच आहे." मग म्हणाले, "पण मी तुम्हा लोकांना सांगत नव्हतो हो. रविवारी शेजारच्या हमीदाभाभी हिच्यापाशी बसतात. मी फोन चालू ठेवून खिशात घालतो. स्पीकरवर, मला कमी ऐकू येतं म्हणून. इथे ही सगळी उपासना ऐकते. भाभी भात लावतात, त्या शिट्ट्या तिकडे येतात."

मी ओट्यावरच्या कुकरकडे बघितलं.

"गाडी लेट असली की स्टँडवर लोक मला शिव्या द्यायचे. पण फलाट सोडून जायचे नाहीत. का, तर मी पुकारत होतो. मी पुकारायचा थांबलो तर ही उठून जाईल, सेक्रेटरीबाई." त्यांचा आवाज पहिल्यांदाच नाकातून येत नव्हता. "गाडी निघाली आहे की नाही, मला तरी कुठे माहीत आहे. भीती वाटते मला."

त्या रविवारी साक्षीची वेळ झाली. मामा हात मांडीवर ठेवून बसून राहिले. खिशात मोबाईल दिसत होता. दुसरंही कुणी उठेना. मी बावीस वर्षं या मंडळीत सूचना वाचते आहे, साक्ष एकदाही दिलेली नाही. त्या दिवशी उठले. म्हटलं, घडलेलंच सांगते. मी बुधवारी विचुंब्याला गेले होते. तिथे एक माणूस बायकोला रोज पेणपर्यंत नेतो, आणि ती उतरत नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पनवेलपासून सुरुवात करतो. देव धीर कसा धरतो ते मला त्या स्वयंपाकघरात कळलं. मग माझ्या साखरेचं सांगितलं, मग वारलेल्या आईचं, आणि मग मला थांबता येईना. घड्याळ माझ्याच हातात होतं, मी बघितलं नाही.

तेवढ्यात मामांच्या खिशातून खोकला ऐकू आला. एकदाच, कोरडा, फार मोठा नाही.

मी वाक्य अर्ध्यात सोडलं. बायकांच्या बाजूला सगळ्यांनी तिसऱ्या बाकाकडे बघितलं. मामांनी खिशावर तळवा ठेवला होता आणि ते रडत होते, उघड, पुसायचं भान नव्हतं.

"आमेन म्हणा आणि बसा, सेक्रेटरीबाई," ते म्हणाले. "ही थांबवतेय तुम्हाला."

मी आमेन म्हटलं आणि बसले.