परंदवडी मुक्कामीं घडीघराचें छप्पर चढविल्याची हकीकत

श्रीगणराय व ग्रामदैवत यांस दंडवत करून, मावळ प्रांतीं परंदवडी मुक्कामीं जो छपराचा रणसंग्राम जाहला, त्याची साद्यंत हकीकत कोणाची भीड न धरितां येथें लिहिली आहे. वाचणारांस हसूं आल्यास आवरावें, कां कीं त्या समयीं तेथें कोणी हसत नव्हतें.

तळेगावीं राजश्री चिंतामणपंत म्हणोन भूगोलाचे मास्तर होते. उभा जन्म पोरांस नकाशावर नद्या दाखविल्या, परंतु नदीकांठीं एक रात्र निजले नाहींत, हें शल्य उरीं होतें. सबब सेवानिवृत्त होतांच त्यांनीं कॅम्पिंग ट्रेलर खरेदी केला. ट्रेलर म्हणजे मोटारीमागें ओढावयाचें घडीचें घर. वाटेनें चालतां पेटीसारखें बसकें, आणि मुक्कामीं पोहोंचोन बाहेरील हँडल फिरविलें कीं विंचावर, म्हणजे दोर ओढावयाचे रहाटावर, तारेचा दोर गुंडाळला जावा, मग चहूं कोपऱ्यांचे नळखांब वर सरकावे आणि छप्पर उंच व्हावें, ऐसी करामत. तळेगावीं ठेवावयास जागा नाहीं म्हणोन तो परंदवडीस स्नेही हौशीराम शेतकरी यांचे गोठ्याशेजारीं उभा केला, आणि अवघा पावसाळा त्याची कोणीं विचारपूस केली नाहीं.

पंतांचें कुटुंब सौभाग्यवती सुनेत्राबाई यांस हा उद्योग पहिल्यापासोन नापसंत होता. परंतु पंतांनीं अर्ज-विनंत्या करून जीव नकोसा केला, तेव्हां बाईंनीं फर्मान काढिलें, जे, पवनेच्या धरणाकांठीं एक रात्र येऊं, परंतु छप्पर धड न चढल्यास आम्ही बहिणीसंगें लोणावळ्यास हॉटेलांत जाऊं, आणि हौशीरामांचा पुतण्या निलेश हा ट्रेलर मिसळीचे गाडीकरितां मागतो, त्यास तो बिनशर्त द्यावा. आपण निजावयाचें त्या जागीं कांदा चिरला जातो आहे, ऐसें चित्र पंतांस दिवसाउजेडीं दिसों लागलें.

मग शनिवारीं सकाळीं पंत सरंजामानिशीं स्वारीस निघाले. समागमें तेलाची बुधली, ग्रीसचा डबा, चिंध्या, पान्हे, आणि सुनेत्राबाईंचे हातीं यंत्राचें माहितीपुस्तक व चहाचा थर्मास. पंतांनीं हँडल फिरविलें. तीन कोपरे कुरकुरत वर आले आणि नैर्ऋत्येचा कोपरा जागचा हलेना. छप्पर मद्यप्याचे टोपीसारखें एका कानावर कललें.

पंत चवताळले. बुधली उचलोन त्यांनीं खांबांस, कप्प्यांस, तारेस, बिजागरीस तेलाचा अभिषेक मांडिला, आणि मग विंचाकडे वळले. तों सुनेत्राबाई पुस्तकांतोन वाचोन बोलल्या, "अहो, विंचाच्या ब्रेकच्या चकतीला तेल लावू नका. त्या कोरड्या चकतीवरच छप्पर धरून राहतं, असं लिहिलंय."

पंतांनीं उत्तर दिल्हें, कीं तेल हें यंत्राचें अन्न होय, उपाशी यंत्र चालत नाहीं. आणि बुधली उपडी केली.

बाई ग्रीसचा डबा, टॉर्च व थर्मास घेऊन अडला कोपरा पाहावयास आंत शिरल्या. इतक्यांत घात जाहला. पंतांनीं पुन्हां हँडल धरिलें, तों तेलानें चकती निसटली, हँडल त्यांचे हातांतोन सुटोन गरगर फिरों लागलें, पंत मागें शेणांत बसले, आणि छप्पर एखादा हत्ती बसावा तैसें खालीं बसलें. दार बंद. बाई आंत.

क्षणभर गोठ्यांतील म्हशींनींही रवंथ थांबविला. उभ्या संसारांत बाईंचें ऐकलें नाहीं ऐसें कितीएक पंतांस एकदम आठवलें. ते धांवोन पत्र्यास कान लावोन ओरडले, "सुनेत्रा! अगं सुनेत्रा!"

आंतोन आवाज आला, "ओरडू नका. खाली बसलेय, भरपूर जागा आहे. लागलं काही नाही."

पंतांचे डोळ्यांस पाणी आलें. तें त्यांनीं तेलकट चिंधीनें पुसलें, तेणेंकरून आणखी आलें.

गलका ऐकोन हौशीराम व त्यांच्या मंडळी कस्तुराबाई कुमकेस धांवल्या. हौशीरामांनीं मसलत दिल्ही, "सर, ट्रॅक्टर आनतो. छपराला दोर बांदून वढतो वर. लय झ्याक काम हुईल."

आंतोन हुकूम सुटला, "हौशीरामभाऊ, ट्रॅक्टर लावलात तर छप्पर सोमाटणे गावात शोधावं लागेल."

कस्तुराबाई पत्र्याशीं वांकल्या. "ताई, आत गरम हुतंय का?"

"नाही हो, गार आहे. मी चहा घेतेय."

येणेंकरून वेढा घालणारे उन्हांत तहानलेले, आणि कोंडलेले चहा पितात, ऐसा उफराटा प्रसंग गुदरला. मग बाईंनीं आंतोनच तहाचीं कलमें सांगितलीं, जे, विंच खोलावा. चकतीचें तेल थिनरनें पुसोन ती कोरडी ठणठणीत करावी. छप्पर चढल्यावर चहूं कोपऱ्यांस लांकडी टेकू दिल्याविना कोणीं आंत पाय ठेवूं नये. आणि पुस्तक वाचणारास मध्येंच तोडूं नये. पंतांनीं सर्व कलमें मान्य केलीं, शेवटचें दोन वेळां.

हौशीरामांचे घरीं फाटक रंगविल्याचें थिनर उरलें होतें, तें आणिलें. पंत भुईवर मांडी घालोन बसले, ती चकती पुसों लागले, उजेडाकडे धरोन पाहों लागले, आणि पुन्हां पुसों लागले. मास्तरांनीं वह्या तपासल्या त्याहोन अधिक निगुतीनें तें काम केलें, आणि विंच पुन्हां जोडिला. तिकडे आंत बाईंनीं टॉर्च लावोन नैर्ऋत्येचा कोपरा धुंडाळला, तों कुंभारमाशीनें नळींत मातीचें घर बांधोन खांब जाम केला होता. बाईंनीं केसांतील आंकडा काढोन ती माती कोरली, नळी पुसली, आणि खांबास ग्रीस चोळलें.

"फिरवा आता. सावकाश."

पंतांनीं देवाचें नांव घेऊन हँडल धरिलें. हौशीराम व कस्तुराबाई कोपऱ्यांवर नजर ठेवोन राहिल्या. विंच टक टक बोलों लागला आणि छप्पर उठलें. "ह्यो आला!" "ह्यो बी आला!" ऐसा पुकारा होतां होतां नैर्ऋत्येचा कोपराही वर आला. पंतांनीं हात सोडोन पाहिला. ब्रेकनें छप्पर झेललें, तिळभर ढळूं दिल्हें नाहीं. मग टेकू लाविले, दार उघडलें, आणि सुनेत्राबाई केसांत माती, हातांस ग्रीस, ऐशा बाहेर आल्या.

पंत क्षमा मागावयाचे बेतांत होते. त्यांस थांबवोन बाई हळूच बोलल्या, "खरं सांगू? मला आत बरं वाटलं. कुणी काही मागत नव्हतं, फोन नाही, कुकर नाही. इतकं शांत मी किती वर्षांत बसले नव्हते."

पंतांनीं हँडल काढोन बाईंचे हातीं दिल्हें.

त्याच सांजेस स्वारी पवनेकांठीं दाखल जाहली. बाईंनीं स्वहस्तें छप्पर चढविलें, टेकू दिल्हे, रात्र सुखरूप गेली. दुसरे दिवशीं प्रातःकाळीं पंत आपखुषीनें आंत बसले आणि बाईंनीं छप्पर खालीं घेतलें. बऱ्याच वेळानें तें वर चढविलें, तेव्हां पंत बाहेर येऊन इतकेंच बोलले, "खरंच गं."

ऐसी फत्ते जाहली. छप्पर चहूं कोपरीं समान, ब्रेक कोरडा, हँडल सौभाग्यवतींचे स्वाधीन. सर्वांस विदित व्हावें. इति.