विलायती चौकडीला पहिली दाद

संगीत कळणं आणि संगीत कळतं असं दिसणं, यांत दुसरी गोष्ट फार कष्टाची आहे. म्हणूनच समाजानं मान नेहमी तिलाच दिला. पहिली गोष्ट घरात एकट्यालाही जमते. दुसरीला जाजम लागतं, लोड लागतो आणि बघणारे लागतात.

निजामी अंमलाच्या उतरत्या वर्षांत नांदेडच्या रसिक मंडळाकडे ही सगळी सामग्री होती. दाद देण्याचा क्रम ठरलेला असे : आधी रेणुकादास वकील, मग बाकीचे वकील, मग मास्तर, मग आडते, आणि शेवटी ज्यांना गाणं खरोखर आवडलं असेल ते (यांची शिरगणती मंडळानं कधी केली नाही). जलशाला सरकारी परवानगी लागे आणि अर्जात गाण्याचा भाव लिहावा लागे. वीररस लिहिला की अर्ज दाबला जाई. शृंगार लिहिला की पोलीस अमीन स्वतः पुढच्या रांगेत येऊन बसे. त्यामुळे त्या काळात नांदेडात भक्ती आणि करुण हे दोनच रस उरले होते. टंचाई मात्र कधी जाणवली नाही.

पहिली दाद हा रेणुकादासांचा मान होता आणि तो त्यांनी कसबानं मिळवलेला होता. षड्ज कोणता नि पंचम कोणता, या फंदात ते कधी पडले नाहीत. ते तबलजीच्या उजव्या खांद्याकडे बघत. समेला खांदा खाली आला की त्यांची मान खाली येई आणि तोंडातून ‘वाहवा’ निघे. ज्याला सम सापडते त्याला कायद्याचं कलमही सापडणारच, असा पक्षकारांचा समज होता. थोडक्यात, वकिलांच्या घरची चूल त्या खांद्यावर पेटत होती.

अशात हैदराबादेहून जिल्ह्याचे नवे तालुकदारसाहेब आले आणि सोबत ग्रामोफोन घेऊन आले. त्यांनी मंडळाला बंगल्यावर बोलावलं. लातूरचे शरणप्पा आडतेही मुद्दाम आले. पहिली दाद लातूरकडं गेली पाहिजे, असं ते उघड म्हणत. बायकांसाठी बांबूच्या कामट्यांच्या चिकाच्या पडद्याआड बैठक होती. तिथं वकिलांच्या केवळाबाई होत्या.

आधी दोन-तीन कव्वाल्यांच्या तबकड्या वाजल्या. मग साहेब म्हणाले, "अब विलायती चौकडी सुनिए. चार आदमी, चारों के पास तारवाले बाजे. जानकार लोग सुनते ही तीन बातें बता देते हैं : लय, सूर और मिज़ाज. वकीलसाहब, आप बताइए."

रेणुकादासांनी विचारलं, "तबलजी कोण आहे म्हणायचे?"

"तबला नहीं है."

तबला नाही, म्हणजे खांदा नाही. आणि समोर होता तो ग्रामोफोनचा कर्णा. त्याला कुठलाच खांदा नव्हता.

तबकडी सुरू झाली. आवाज असा निघाला की चार म्हशी चिखलातून वर यायचा विचार करताहेत, पण घाई कुणालाच नाही. रेणुकादासांनी डोळे मिटले आणि अनुभवाला स्मरून निकाल दिला, "लय अतिविलंबित. सूर खर्जाचा. मिजाज करुण. वाहवा!"

मग दाद क्रमानं पसरली. शरणप्पा मागं कसे राहणार? त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "लई दुःख हाय ह्यात. वाजवणाराचं जवान पोरगं गेलं असंल."

उपस्थितांपैकी एक तृतीयांश लोक रडले, एक तृतीयांशांनी रडल्याचं दाखवलं आणि उरलेले मागं असल्यानं दिसले नाहीत. पडद्याआडूनही एक हुंदका आला. सूर आणखी खोल गेला, घोगरा झाला आणि मधेच थांबला. अशी समाप्ती नांदेडनं ऐकली नव्हती. सगळे सुन्न झाले.

साहेब उठले. "माफ कीजिए, चाबी उतर गई थी." त्यांनी दांडा फिरवून चावी भरली आणि तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली.

आता तीच चौकडी टांग्याच्या घोड्यासारखी उधळली. सूर वर, लय पळती, आणि मिजाज असा की वरातीत वाजवावा. सगळ्या माना रेणुकादासांकडे वळल्या. शरणप्पा हसू लागले होते. वकिलांना घाम फुटला. उद्या कोर्टात कोण उभं करणार आपल्याला, एवढंच त्यांच्या मनात येत होतं, आणि त्यांना खरोखरच रडू फुटलं.

ते रडतच म्हणाले, "हेच, साहेब, हेच! दुःख सोसवंना झालं की माणूस असाच पळत सुटतो."

शरणप्पांनी हसू आवरून उपरणं पुन्हा हातात घेतलं. वकील चुकले म्हणावं, तर आपण चावी उतरलेल्या यंत्रापुढं रडलो हे कबूल करावं लागणार. हीच अडचण प्रत्येकाची होती. तेव्हा सगळे पुन्हा रडले, यावेळी जलद लयीत. पहिली दाद नांदेडातच राहिली. पुढं मंडळानं ठराव केला की विलायती तबकडी आधी चावी न भरता ऐकावी आणि मग भरून ऐकावी, म्हणजे भाव पूर्ण होतो. लातूरकरांनी महिन्याभरात हीच पद्धत उचलली, आणि आपल्याकडं ती जुनीच असल्याचं कळवलं.

घरी जाताना रेणुकादासांनी बायकोला विचारलं, "तुला बी कळलं म्हणायचं. पडद्यामागं हुंदका तुझाच होता ना?"

"हाव," केवळाबाई म्हणाल्या. "तबला न्हाई म्हणले तवाच मला रडू आलं. आता तुमचं कसं व्हावं, म्हणून."

वकिलांनी बायकोच्या हातातली पिशवी घेतली. इतक्या वर्षांत त्यांनी ती कधी घेतली नव्हती.

आता मूळ प्रश्न. ती चौकडी खरी कोणत्या लयीची, कोणत्या सुराची, कोणत्या भावाची होती? पहिल्या वेळी चावी कमी होती. दुसऱ्या वेळी साहेबांनी ग्रामोफोनवरचा वेगाचा काटा अंदाजानंच सरकवला असेल, तर तेही खरं नव्हे. रचणाऱ्याचं नावसुद्धा या हकिकतीत कुठं आलेलं नाही. रेणुकादासांनी ते विचारलं नाही, कारण त्यांची अब्रू पणाला लागली होती. वाचकांचं तर काहीच पणाला नव्हतं. तरी जलद तीच खरी, हे त्यांनी साहेबांच्या एका शब्दावर मानलं आणि वकिलांना हसायची वेळ अचूक साधली.