मागच्या सीटचा पायगुण

"पाडव्यापतोर गाडी सुरू झाली तर बरं, न्हाईतर भंगारवाल्याला देऊन टाकते," शिवम्मानं गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांना सांगितलं.

ते पाय तिच्या नवऱ्याचे, उमाशंकरअप्पांचे. औशातलं हार्डवेअरचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून घरच्यांना अप्पांचे पायच काय ते दिसत. बाकीचे अप्पा अंगणातल्या जुन्या मारुतीखाली असत. कितीतरी वर्षं ती गाडी एका जागी उभी होती. मांजरीनं तिच्यात पिल्लं घातली, शिवम्मानं तिच्या टपावर पापड वाळवले, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते दिवाळीत. शिवम्माच्या भावाचा, विरूपाक्षचा देगलूरहून फोन आला. "दाजी, दिवाळीला गाडीनं या की! चालत नसली तर एसटीत घालून आणा!" फोनचा स्पीकर चालू होता. सगळं घर हसलं. शिवम्मा तर पदर तोंडाला लावून हसली, आणि तेच अप्पांना लागलं. "देगलूरची पायरी चढीन तर ह्याच गाडीनं," त्यांनी तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं.

शपथ घेतली अप्पांनी, माहेर तुटलं शिवम्माचं. एकटी गेली असती तर भाऊ अप्पांना आणखी हसला असता. भावानं हसावं हे तिला चालायचं नाही. तो हक्क तिचा एकटीचा. त्यामुळं संक्रांत गेली, महाशिवरात्र गेली, ती घरातच. तिला माहेरी जायचं होतं आणि मधे ही गाडी आडवी उभी होती.

अप्पा कष्टात कमी नव्हते. कार्बोरेटर खोलला, ब्रेकचे पाइप बदलले, पत्र्याला रंग मारला. मागची सीट उंदरांनी कुरतडली होती. ती बाहेर काढून त्यांनी गंजलेल्या स्प्रिंगा फेकल्या, दोन गाद्या फोडून पिंजलेला कापूस भरला आणि वरून निळं रेक्झिन शिवलं. नुसताच कापूस तो! बसलेला माणूस हळूहळू आत जाई, गुडघे हनुवटीला लागत, आणि कुणी हात दिल्याशिवाय उठायची सोय नव्हती. अप्पा म्हणाले, "आराम म्हंतात ह्याला."

त्याच दिवशी शेजारचा गुंडप्पा धावत आला. "अप्पा, ती सीट द्या की घडीभर. सुकन्याला पाह्यला पाव्हणे येऊन राहिले आन आमचा दिवाण सुताराकडं."

"न्या की!" अप्पा गाडीखालून म्हणाले.

गुंडप्पाच्या लेकीला याआधी बरीच स्थळं येऊन गेली होती. पाहुणे चहा घेत, "कळवतो" म्हणत आणि उठत. या वेळी मुलाचा बाप विटांवर मांडलेल्या त्या सीटवर बसला तो खालीच गेला. चहा झाला, उठावंसं वाटलं, उठवेना. हात मागायची लाज वाटली. मग पोहे झाले, दुसरा चहा झाला, जेवण झालं. इतका वेळ गप्प कोण बसणार? बोलता बोलता सुपारी फुटली.

"अप्पा, पाव्हणा उठंचना!" गुंडप्पानं पेढा आणून दिला. "लई पायगुणाची हाय बरं का तुमची सीट!"

सीटला पाय नसतात हे साऱ्या गल्लीत कुणाला सुचलं नाही. सिद्रामप्पांनी ती पुतणीसाठी नेली, तिचं जमलं. केवळाबाईनं नातीसाठी नेली, तिचंही जमलं. अप्पांनाही वाटलं, इंजिन होईपर्यंत फिरू दे. आपल्या हातचं काम लोक डोक्यावरून वाहून नेतात, हे बघायला कुणाला नको?

आणि पाडवा तोंडावर आला असताना इंजिन सुरू झालं. धूर निघाला, कावळे उडाले, शिवम्मा पोळी तव्यावर टाकून बाहेर धावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानंच आलं, असं ती म्हणाली.

त्याच आठवड्यात देगलूरचा फोन. "दाजी, आमच्या पोरीचं, मंजुश्रीचं जमलं बगा! परवा साखरपुडा हाय."

"येतो की. गाडीनं येतो," अप्पा छाती काढून म्हणाले.

"या की, या," विरूपाक्ष म्हणाला आणि हसलाच नाही. अप्पांना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आता सीट आणायची. गुंडप्पा म्हणाला, सिद्रामप्पाकडं दिली. सिद्रामप्पा म्हणाले, केवळाबाईकडं. केवळाबाई अप्पांच्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाली, "दिली की म्होरं."

"कुणाला?"

"आता ध्यान ऱ्हात न्हाई बाबा म्हातारपणी."

अप्पांच्या मागं शिवम्मा उभी होती. "चला हो," ती म्हणाली, "सीट काय पळून जातीया? मी म्होरं बसते की." आपली बायको इतकी समजूतदार कधी झाली, याचं अप्पांना कौतुक वाटलं. बायको अचानक समजूतदार झाली की नवऱ्यानं घाबरायचं असतं; पण अप्पा खुशीत होते.

"सीट पहिल्यांदा मीच नेली," म्हणून गुंडप्पा सोबतीला निघाला आणि मागं ज्वारीच्या अर्ध्या पोत्यावर बसला. लातूर गेलं, उदगीर गेलं. गाडी पळत होती, गुंडप्पा प्रत्येक खड्ड्याला "शिवशिव" म्हणत होता, आणि शिवम्मा खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होती.

देगलूरला सारी गल्ली गाडीभोवती जमली. अप्पा विरूपाक्षच्या टोमण्याची वाट बघत सावकाश उतरले. टोमणा आलाच नाही. "शरणार्थ दाजी, या, या," म्हणत विरूपाक्षनं त्यांना घाईघाईनं आत नेलं.

आत नवऱ्या मुलाचे आजोबा बसले होते. अंगावर शाल, हातात बशी, आणि गुडघे हनुवटीला लागलेले. अप्पा बघतच राहिले. माणूस असा फक्त एकाच जागी बसू शकतो. चादरीच्या कडेतून निळं रेक्झिन डोकावत होतं.

अप्पांनी मेहुण्याला कोपऱ्यात ओढलं. "ही हितं कशी?"

"दाजी, हात जोडतो, हळू बोला! पाव्हणे नुसता चहा पिऊन जात होते हो. अक्कानं पाठवली."

"कशातनं?"

विरूपाक्षनं मान खाली घातली. "एसटीत घालून."

अप्पांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. शिवम्मा आढ्याकडं बघत होती.

तेवढ्यात आजोबा म्हणाले, "औशाचे पाव्हणे, गाडी तुमचीच ना? जाताना मला घरी सोडा. रिक्षात गुडघे दुखतात. मागं ऐसपैस बसतो."

विरूपाक्षचा चेहरा उतरला. दारात मंजुश्री बांगडी फिरवत उभी होती. दिवाळीपासूनचं सगळं हसणं एका वाक्यात फेडून घ्यायची संधी अप्पांपुढं चालून आली होती. अप्पांनी एकदा पोरीकडं पाहिलं.

"आजोबा, मागची सीट तर तुमच्या खाली हाय," ते म्हणाले. "आमच्यात रीत हाय. मानाच्या पाव्हण्याला गाडीतली सीट काढून घरात बसाया देतात."

आजोबांनी सीटवर हात फिरवला. "आमच्यासाठी गाडीची सीट काढली? ह्याला म्हंतात माणसं!" ते इतके खूश झाले की उठायला लागले, आणि अर्थातच उठता आलं नाही. चौघांनी हात देऊन उठवल्यावर म्हणाले, "आता लग्नापतोर ही हालवायची न्हाई. लग्नात मी हितंच बसणार."

आजोबांना पुढं बसवून घरी पोहोचवलं, आणि परतीची वाट सुरू झाली. गुंडप्पा निमूट पोत्यावर चढला.

"कामून न्हाई सांगितलं मला?" अप्पांनी शिवम्माला विचारलं.

"दिली असती का तुम्ही त्याला?"

अप्पांनी गिअर बदलला. पुढं म्हणाले, "मंग, भंगारवाल्याला काय सांगायचं?"

"त्याला काय सांगायचं? आता वैशाखात लग्नाला यायचं गाडीनं. लग्न झालं की सीट न्यायला परत यायचं. आन सीट गाडीत लागली की तिच्यावर बसून माहेरी यावं लागंलच की एकदा."

"एवढ्या खेपा? त्यापरीस इरूपाक्षला सांग, लग्न झालं की दे एसटीत घालून."

शिवम्मानं पदर तोंडाला लावला. "काय बाई तुमचं! घरात चालती गाडी असताना एसटीनं? लोक हसतील न्हाई का!"