पिंगळेसाहेबांची फ्रान्समधली होडी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधीच जमलं नाही, ते आधीच सांगून मोकळी होते. चौथीनंतर शाळा सुटली, मग हात चालला तो शिवणाच्या मशीनवर. हे कुणाला वाचून दाखवायचा धीर मला व्हायचा नाही. कुणाच्या हाती लागलंच, तर चुका सांभाळून घ्या. पण पिंगळेसाहेबांना मी नारिंगी लाइफ जॅकेट घालून सोफ्यावर चहा पिताना पाहिलंय, आणि ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

सौदीत जुबैलला ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. मूळचे नाशिकचे. माझे मालक रशीद ज्या कंपनीत स्टोअरकीपर, तिथेच साहेब प्लॅनिंगचे इंजिनीयर. बाहेर अशी गरमी की जिन्याचा कठडा हाताला धरवत नव्हता, त्यांचा एसी बंद पडलेला, आणि साहेब गळ्यापर्यंत पट्टे आवळून बसलेले.

"अंगाला सवय हवी, वहिनी," म्हणाले. "पाण्यात पडल्यावर सवय करायला वेळ नसतो."

समुद्र घरापासून दहा मिनिटांवर. तिकडे ते कधी फिरकले नाहीत. "समुद्राला शिस्त नाही," म्हणायचे. त्यांना नदी हवी होती, आणि तीसुद्धा फ्रान्सची. सोन नावाच्या त्या नदीवर त्यांची होडी होती. त्यांची म्हणजे बारा जणांची. एक हिस्सा साहेबांचा, आणि त्या हिश्शापोटी वर्षातून काही आठवडे होडी त्यांच्या ताब्यात. फोटो फ्रिजवर लावला होता. मला तर ती आमच्या खाडीत माणसं नेणाऱ्या तरीसारखीच वाटली, फक्त खिडक्यांना पडदे होते. तसं मला होडीतलं काही कळत नाही. खाडीकाठी जन्मले, तरी होडीत पाय ठेवला की ओकारी येते.

त्या नदीकाठच्या गावांबद्दल साहेब असे बोलायचे, जसं आपण माहेरच्या गल्लीबद्दल बोलतो. "तुर्नुला देवळाचे दोन मनोरे दिसले की उजवीकडे होडी बांधायची. वर चढलं की पाववाला. पाव हाताएवढा लांब. खाली येईपर्यंत अर्धा संपतो." वाटेत पाण्याला दरवाजे असतात, ते उघडून होडी खालच्या पाण्यात उतरवतात. दुपारी दरवाजेवाला जेवायला जातो, तेव्हा सगळे थांबून राहतात.

"इथं सलाची बांग झाली की दुकानं बंद होतात ना, वहिनी? तसंच. त्यांची सला जेवणाची."

रशीदना हसू आवरायचं नाही. "साहेब, मग पुढच्या दरवाज्याला पोचणार कधी?"

"रशीदभाई, नदीवर घाई नाही."

हे त्यांचं पालुपद. लिफ्ट अडकली, नदीवर घाई नाही. डाळ करपली, नदीवर घाई नाही. ऑफिसात मात्र हाच माणूस एक काम अर्धा तास लांबलं तर दहा फोन करायचा.

एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला खाली पार्किंगमध्ये बोलावलं. दोन खांब म्हणजे पाण्याचा दरवाजा, आमची जुनी गाडी म्हणजे होडी. रशीद गाडीत, आणि साहेब दोराचं टोक घेऊन खांबाभोवती धावतायत. "यल्ला, चला! हळू! हळू! दोर ओला समजा!" मला दरवाजेवाली केलं होतं. होडी आली की "बोंजूर" म्हणायचं. मी ओढणी तोंडावर घेऊन खांबामागे उभी.

"वहिनी, बोंजूर म्हणा, नाहीतर दरवाजा उघडणार नाही!"

"अगो, म्हण ना, मी इथं बुडतोय!" रशीद गाडीतून ओरडले.

मी खांबामागे आणखी सरकले. वॉचमन मात्र धावत आला. गाडीला दोर लावून कुणी ओढून नेतंय असं त्याला वाटलं होतं.

एवढी तालीम चालायची, पण साहेब फ्रान्सला गेलेले आम्ही कधी पाहिले नाहीत. त्यांच्या आठवड्यांच्या तोंडावर कंपनीत शटडाऊन निघायचा. प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करतात ना, तो. मग साहेब मान हलवत सांगायचे, "कंपनी सोडत नाही हो."

"कंपनी कुठली?" रशीद घरी येऊन हसायचे. "शटडाऊनला कोण थांबणार, कोण सुट्टीवर जाणार, तो चार्ट हाच बनवतो. आणि स्वतःचं नाव पहिलं टाकतो. शिकलेला गाढव बघायचा असेल तर समोरची बेल वाजव."

मलाही तसंच वाटायचं. तरी हसणं जपून हसायला हवं होतं, कारण पुढच्याच वर्षी पगार अडकले आणि साहेब आमच्या दारात आले. होडीच्या बुडाला रंग द्यायचा होता आणि प्रत्येक हिस्सेदाराला आपला वाटा भरायचा होता. पगार झाला की परत देणार होते. रशीद मोठ्या ऐटीत म्हणाले, "आमच्यात पैसा हिच्याकडे असतो, साहेब. हिला विचारा."

पैसे होते. बायकांचे अबाये शिवून आणि मसाला विकून मी ते जमवले होते, आईला मक्केच्या उमऱ्याला आणायला. तिने आयुष्यात रत्नागिरीच्या पुढे काही पाहिलं नव्हतं, आणि रोज फोनवर विचारायची, "कधी गो बोलावतेस?" पण "नाही" म्हणायला तोंड उघडावं लागतं. मी आत गेले आणि पिशवी आणून दिली. माझ्या आईचा उमरा फ्रान्समध्ये एका होडीच्या बुडाला फासला गेला.

पगार झाले, पैसे आले नाहीत. समोर भेटले की साहेब गावांचीच नावं सांगायचे. पैशाच्या बाबतीत ती नदी फारच सावकाश वाहत होती. मागायची मला लाज, आणि रशीद म्हणायचे, "तू दिलेस, तूच माग."

तेवढ्यात सौदीकरणाचा जोर वाढला. सोबत फॅमिली ठेवायची सरकारी फी वाढली तशी बिल्डिंगमधली बिऱ्हाडं उठत गेली. साहेबांच्या खुर्चीवर एक तरुण सौदी इंजिनीयर आला आणि त्याला शिकवायचं काम साहेबांनाच दिलं. "मुलगा चांगला आहे हो," ते म्हणाले. "वाईट असता तर बरं झालं असतं." मग त्यांच्या पासपोर्टवर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जाणं, लागलं, आणि माझी झोप उडाली. एकदा विमानात बसले की नाशिकला जाऊन पैसे मागणार कोण?

सामान बांधायला आम्ही दोघं गेलो. मी स्वयंपाकघरात भांडी काढत होते. साहेब फोन घेऊन आत आले. "आमच्या मिसेसना तुमच्याशी बोलायचंय," म्हणाले आणि फोन ओट्यावर टेकवून गेले.

बायकोला इथली हवा मानवत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. फोनच्या पडद्यावर बाई खुर्चीत बसलेल्या. एक हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा, बोलताना ओठ एका बाजूला ओढला जात होता.

"सांदणं पाठवता त्या तुम्हीच ना? यांना फार आवडतात. दार लोटा जरा."

मी लोटलं.

"मी पडायच्या आधी आम्ही दोघं गेलो होतो हो तिथं. होडी मी चालवायचे. हे काठावर दोर घेऊन धावायचे. एकदा धपकन पडले पाण्यात, पोहता कुठं येतंय! मी एवढी हसले की होडी जाऊन भिंतीला लागली. हिस्सा माझ्याच हट्टाने घेतला. मग माझी ही बाजू गेली, आणि तेव्हापासून दरवर्षी कंपनी यांना सोडत नाही."

मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

"मीही म्हणते, मेली ती कंपनी. चांगल्या शिव्या घालते. मला कळतं हे त्यांना कळू द्यायचं नाही, समजलं?"

मी मान डोलावली. बाहेरून साहेब ओरडले, "नलू, वहिनींना त्रास देऊ नकोस!"

"तुम्ही खोकी बांधा!" त्या तिथून ओरडल्या, आणि मला हळूच म्हणाल्या, "तुमचे पैसे दिले का त्यांनी?"

"नाही," मी म्हटलं. हे बरं पटकन तोंडातून आलं.

"वाटलंच. हिस्सा विका म्हणून मी कधीची सांगतेय, ऐकत नाहीत. आज ऐकतील. बोलवा त्यांना."

मी बोलावलं आणि बाहेर जाऊन खोक्यांना दोरी बांधत बसले. आत बराच वेळ बाईंचाच आवाज येत होता.

जायच्या आदल्या दिवशी दाराची बेल वाजली. रशीद ड्युटीवर, म्हणून साहेब उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बारा हिस्सेदारांतल्याच एका बेल्जियमच्या माणसाने हिस्सा अर्ध्या भावात घेतला, म्हणाले. पाकीट त्यांनी चपलांच्या रॅकवर ठेवलं.

"उशीर झाला, वहिनी. आईंना बोलवा आता."

मला खूप काही बोलायचं होतं. त्यांच्या बाईंना दिलेला शब्द होता, म्हणून बोलले नाही. लाजाळू असले तरी पैसे मात्र मी त्यांच्यासमोरच मोजले. ते मान वळवून लिफ्टच्या बंद दाराकडे बघत उभे राहिले.

पैसे पूर्ण होते.